दोघांच्या सायकलला बसेल असा ट्रेनर

मंगळवार, ४ नोव्हेंबर

घरात बोलायला माणूस नाही आणि भिंतींशी बोलावं इतका मी अजून म्हातारा झालेलो नाही, म्हणून वही काढली. ही गेल्यापासून संध्याकाळ फार लांबते. गेली म्हणजे बहिणीकडे गेली. वाक्य लिहून परत वाचलं तेव्हा माझं मलाच धस्स झालं.

हकिगत अशी. सप्टेंबरात आमच्या सायकलीसमोर कुत्रं आडवं आलं आणि आम्ही दोघं पडलो. दोघं एकदमच, कारण सायकल दोघांची आहे. दोन सीट, दोन जोड्या पेडल, आणि साखळीने सगळं एकमेकांत अडकलेलं. एकाने पाय फिरवले की दुसऱ्याचेही फिरतात. पुढे मी. वळवायचं हँडल, ब्रेक, गिअर सगळं माझ्याकडे. मागे ही. तिच्यासमोरही एक हँडल आहे, पण ते वळत नाही, नुसतं धरायला असतं. लग्नानंतर थोड्याच वर्षांनी घेतली आणि तेव्हापासून रविवार म्हणजे सायकल. मूलबाळ नाही, त्यामुळे सायकलीचे लाड जरा जास्तच झाले.

कुत्र्याला काही झालं नाही. मला खरचटलं. हिच्या उजव्या खांद्याचं हाड मोडलं. मी दिवसभर लोकांना गाडी शिकवत बाहेर, घरी तिला बघायला कोणी नाही, म्हणून ती बहिणीकडे राहायला गेली. हाताचा पट्टा निघून बरेच दिवस झाले. शाळेत गणित शिकवायलाही जायला लागली. पण जाते ती बहिणीच्या घरूनच.

का, ते मला उघड दिसतंय. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. घरी आली की रविवार येणार, रविवार आला की रस्ता येणार, आणि रस्त्याची तिला धास्ती बसली आहे. बोलून दाखवणार नाही, स्वभाव तसा नाही. पण भीती ओळखणं हा माझा धंदाच आहे.

उपायही सापडला. ट्रेनर. सायकलीचं मागचं चाक त्यात अडकवायचं आणि घरातल्या घरात पेडल मारत बसायचं. कुत्रं नाही, खड्डा नाही, पडणं नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

सायकलच्या दुकानात गेलो होतो. दुकानदार आमचा जुना, दोघांची सायकलही त्याच्याकडूनच घेतलेली. गडी गोड बोलतो पण स्वतः कधी सायकलवर बसलेला कोणी पाहिला नाही.

त्याच्याकडे तीन तऱ्हा आहेत. पहिली, नुसते तीन रूळ. त्यांवर सायकल ठेवून तोल सांभाळत चालवायची. दिवाणखान्यात तोल जाऊन टीव्हीवर पडायची हौस मला नाही. दुसरीत मागचं चाक एका फिरत्या रुळावर दाबून बसतं. पायाला जोर लागावा म्हणून आत लोहचुंबक असतं किंवा तेल. तेलवाला आवाज कमी करतो. तिसरी तऱ्हा म्हणजे मागचं चाक काढूनच टाकायचं आणि सायकल थेट यंत्राला जोडायची. आवाज जवळजवळ नाहीच, पण किंमत ऐकून म्हटलं, हे नाकापेक्षा मोती जड झालं.

"साहेब, तुमच्या एकट्यासाठी साधी सायकल घ्या आणि साधा ट्रेनर," तो म्हणाला. "त्या लांबलचक धुडाला कशाला घरात घेताय?"

"एकट्यासाठी कोण मागतंय? दोघांना हवाय."

तो उगाच काउंटर पुसायला लागला. "वहिनींना विचारलंत?"

"त्यांच्यासाठीच तर घेतोय."

"नाही, तरी पण एकदा विचारा."

दुकानदारच गिऱ्हाईकाला विचार करायला सांगतोय, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. धंदा कसा चालतो कोण जाणे. तिसऱ्या तऱ्हेचाच सांगितला. हिच्यासाठी घ्यायचा तर हात आखडता कशाला घ्या.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

तिचा फोन आला. दर शुक्रवारी येतो.

"अहो, जेवताय ना वेळेवर?"

"जेवतोय. ऐक, ट्रेनर घेतोय. सायकल घरातच चालवायची. तुझी भीती जाईल."

"मला भीती वाटते असं कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? मला कळतं."

मग म्हणाली, "बरं."

हिच्या 'बरं'चे अनेक प्रकार आहेत. हा कुठला ते फोनवर ठरवता येईना. चेहरा दिसला असता तर सांगितलं असतं. चांगल्या अर्थाचा असावा असं धरून चाललो आहे.

रविवार, ९ नोव्हेंबर

आजचा दिवस खोली मोजण्यात गेला. सायकल आठ फुटांच्या वर आहे. दिवाणखान्यात कशीही ठेवली तरी पुढचं चाक स्वयंपाकघरात शिरतं. शेवटी तिरकी ठेवायची ठरवलं, पण खिडकीखाली हिचं वह्या तपासायचं टेबल मध्ये येत होतं. ते उचलून गच्चीत ठेवलं, वर प्लास्टिक बांधलं, चार गाठी मारल्या. खणातलं सामान खोक्यात भरून पलंगाखाली सरकवलं. आता जागा झाली. खोली मोठी दिसते. जरा जास्तच मोठी दिसते.

रात्री खाण्यासाठी अंडी उकडली. दोन जास्त टाकली गेली. सवय.

बुधवार, १२ नोव्हेंबर

ट्रेनर आला. दोन माणसांनी धरून वर आणला, मी जिन्यातून सूचना दिल्या. चाक काढलं, सायकल उचलली, आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं. आमच्या सायकलीच्या मागच्या दांड्यांमधलं अंतर साध्या सायकलीपेक्षा जास्त आहे. दोन माणसांचं वजन घ्यायचं म्हणून चाक मुळात रुंद बसवलेलं असतं. यंत्राचा दांडा मध्ये लटकत राहिला. बघणाऱ्यालाही वाईट वाटावं असा.

रोज लोकांना सांगतो की गाडी जाईल का हे आधी डोळ्यांनी मोजा, मग घाला. आणि खोली इंच इंच मोजणाऱ्या मला सायकल मोजायची सुचली नाही. आणणाऱ्यांपैकी एक म्हणाला, "काका, बायकोला विचारायचं होतंत." सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलेलं दिसतं.

परत पाठवला.

शनिवार, १५ नोव्हेंबर

पुन्हा दुकान. आता मधला प्रकार, चाक रुळावर दाबणारा, तेलवाला. मागचा दांडा रुंद असला तरी त्याच्या पकडीत बसतो. या वेळी मी मोजूनच गेलो होतो. वजनही दोघांचं झेपतं.

दुकानदार पावती करेपर्यंत इकडेतिकडे बघत होतो. कोपऱ्यात एक हिरवी सायकल उभी होती, एकाच सीटची, 'विकली' अशी चिठ्ठी लावलेली. तिचं हँडल पार वर उचललेलं होतं आणि सीट इतकी खाली की गुडघे छातीला लागावेत.

"कोणाची रे ही? नवशिकं दिसतंय कोणीतरी."

"आहे एक गिऱ्हाईक. पैसे देऊन गेलंय, न्यायचीय अजून."

"आणि हँडल वर घेतलंय म्हणजे खांदा किंवा पाठ दुखणारं माणूस. त्यांना सांग, पाय टेकवायची भीती गेली की सीट वर घ्या, नाहीतर गुडघे जातील. सायकल चांगली निवडली आहे, पण माहितीतलं कोणी सोबत नसावं."

"सांगतो साहेब. नक्की सांगतो," तो म्हणाला आणि पावती दोनदा चुकवली.

गुरुवार, २० नोव्हेंबर

बसला! चाक रुळावर अगदी छान बसलं. पुढच्या चाकाखाली लाकडी ठोकळा दिला. संध्याकाळी कामावरून आल्यावर कपडे बदलले, बूट घातले, हातपंपाने हवा भरली आणि पुढच्या सीटवर चढलो.

आवाज ठीक आहे. जोरही ठीक लागतो. पण एक गोष्ट आधी लक्षात आली नव्हती. मी पाय मारतो तेव्हा मागची पेडलंही फिरतात. रस्त्यावर ती कधी रिकामी फिरली नव्हती, कारण मागे ही असायची. खोलीत ती माझ्या पाठीमागे फिरताना एक बारीक आवाज करतात. मी थांबलो की थांबतात. पुन्हा सुरू केलं की सुरू होतात. दोनदा मान वळवून पाहिलं.

मग उतरलो आणि पलंगावर बसून राहिलो. खोटं कशाला लिहू, मला रडू आलं. फार नाही. तिची आठवण येते हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर आम्ही जेवण आणि ट्रेनर याशिवाय काही बोलतच नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर

शुक्रवारी तिचा फोन आला नाही. आज सकाळी मीच केला. मेहुणीने उचलला.

"भावोजी, ती बाहेर गेलीय."

"एवढ्या सकाळी? कुठे?"

"इथेच. चक्कर मारायला."

"पायी?"

"तुम्ही तिलाच विचारा ना," मेहुणी म्हणाली. "मला मधे घालू नका. मी तुमची पण आहे आणि तिची पण." याचा अर्थ काय, मी विचारणार तेवढ्यात तिकडे दार वाजलं आणि ही फोनवर आली. धापा टाकत होती.

"जिने चढून आलीस ना? हळू चढायचं. खांदा अजून नवा आहे."

"जिने नाही हो." हसत होती. किती दिवसांनी तिचं हसणं ऐकलं. "तुम्ही कसे आहात?"

मी सांगितलं, ट्रेनर बसला, आता तू ये. टेबल तेवढं तात्पुरतं गच्चीत ठेवलंय.

हसणं थांबलं. "माझं टेबल?"

"प्लास्टिक बांधलंय."

"वह्या?"

"खोक्यात. पलंगाखाली. काही हरवलेलं नाही."

"पुढच्या रविवारी येते," ती म्हणाली.

येणार! फोन ठेवल्यावर घरभर फिरलो. आवाजात जरा काही तरी होतं, पण धाप लागली होती, त्याचंच असेल.

बुधवार, २६ नोव्हेंबर

आज नर्सबाईंचा धडा होता. बाई पन्नाशीच्या, हॉस्पिटलात सगळा वॉर्ड एका नजरेत उभा करत असतील, पण चौक आला की गाडी बंद पडते. शिकवायच्या गाडीत माझ्या बाजूलाही एक ब्रेक असतो.

आज चौकात गाडी पुन्हा थांबली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "सर, आत्ता ब्रेक मी दाबला की तुम्ही?"

"मी."

"आणि मगाशी, शाळेपाशी?"

"तेव्हाही मीच. तुम्हाला उशीर झाला असता."

"मग मी कधी शिकणार हो? मला वाटायचं, माझाच पाय चुकतोय. महिनाभर घरी जाऊन रडतेय मी."

मला राग आला. सुरक्षितता म्हणून काही असतं. पण परतताना मी दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले आणि बाईंनी चौक पार केला. गाडी एकदाही बंद पडली नाही. घाम मला फुटला, त्यांना नाही.

शनिवार, २९ नोव्हेंबर

उद्या येणार. लादी पुसली. ट्रेनरचा रूळ पुसला. सायकलीची साखळी पुसून तेल घातलं. मागच्या सीटला नवं कव्हर घातलं, मऊ.

टेबल आत आणायचं का? आणलं तर सायकल बसत नाही. तिला आधी सायकल दाखवू, मग टेबलाचं बघू.

रविवार, ३० नोव्हेंबर

सगळं नीट लिहून काढतो, नाहीतर उद्या मी त्याला काहीतरी वेगळंच वळण देईन.

सकाळपासून खिडकीत होतो. बस येते त्या बाजूला बघत होतो. दुसऱ्या बाजूने एक बाई सायकलवरून आली. उभ्या ट्रकपासून योग्य अंतर ठेवून गेली, मनात म्हटलं, शाबास. मग आमच्या दारात उतरली. हिरवी सायकल. सीट वर घेतलेली.

ही होती.

मी खाली धावलो. म्हणालो, "एवढ्या लांबून? एकटी? रस्त्यावरून?"

"मग काय आकाशातून येऊ?" ती म्हणाली. चेहरा उन्हाने तांबूस झाला होता. "कोणीतरी दुकानात सांगून गेलं होतं म्हणे, सीट वर घ्या, नाहीतर गुडघे जातील. खरंच फरक पडला."

वर आलो. तिने खोली पाहिली. सायकल तिरकी, पुढचं चाक ठोकळ्यावर, खिडकीखालची रिकामी जागा. गच्चीत जाऊन प्लास्टिक उचलून टेबल पाहिलं. लाकूड एका कोपऱ्यात फुगलं होतं. त्यावरून बोट फिरवलं, प्लास्टिक पुन्हा बांधलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"बसून तर बघ," मी म्हणालो. "एकदाच. पडायचा प्रश्नच नाही."

बसली. मागे. मी पुढे. पाय फिरवायला लागलो आणि मागची पेडलं जड झाली, माणूस आल्यावर होतात तशी. मला इतकं बरं वाटलं की तोंडातून आपसूक निघालं, "आता जरा जोर लाव, चढ आहे."

दिवाणखान्यात. चढ.

मागे पाय थांबले. माझेही थांबले, साखळी एकच ना.

"अहो," ती म्हणाली, "मला रस्त्याची भीती कधीच नव्हती. पडले तेव्हाही नव्हती. मला तुमच्या पाठीचा कंटाळा आलाय."

मी वळलो नाही. वळता आलं नाही.

"इतकी वर्षं प्रत्येक रविवारी तीच पाठ. नदी आली की तुम्ही सांगणार, नदी आली. चढ आला की तुम्ही सांगणार. मला दिसायचं फक्त शर्टाची शिवण. हात गळ्यात बांधून पडले होते ना ताईकडे, तेव्हा एकच मनात यायचं, बरी झाले की एकदा आपलं आपण वळून बघायचं."

"मग तू पुढे बस. मी मागे बसतो." मी मनापासून म्हणालो.

ती हसली. वाईट हसणं नव्हतं. "तुम्ही मागे बसलात तरी सूचना मागून येतीलच."

"मग घरी कधी येणार?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "खोटं बोलून तुमचं समाधान करायचं का? मला खरंच माहीत नाही. रागावलेय म्हणून नाही. तिकडे सकाळी उठते, सायकल काढते आणि कुठे जायचं ते दारात ठरवते. ते अजून पुरलं नाहीये मला."

मी खूप काही म्हणू शकलो असतो. माझ्याकडे मुद्दे होते. खाली उतरलो आणि चाकाखालचा ठोकळा उगाच सरळ करत बसलो. ती पाणी प्यायली, मलाही दिलं. मग बूट घालता घालता म्हणाली, "थोडं लांबून जाणार आहे, तळ्याकडून. यायचं तर या."

माझ्याकडे दुसरी सायकल नाही. ट्रेनरची पकड सोडवली, ते आठ फुटांचं धूड जिन्यातून एकट्याने उतरवलं. एरवी मागचं टोक ती धरते. आज तिने हात लावला नाही, मीही म्हटलं नाही.

ती पुढे, मी मागे. मागची सीट रिकामी असली की ही सायकल वळणावर नाचते, आधी ठाऊक नव्हतं. 'खड्डा' हा शब्द ओठांवर आला आणि गिळला. ती खड्डा चुकवून गेली होती. तळ्याशी तिने पाय टेकला, बराच वेळ पाण्याकडे पाहिलं, आणि मी शेजारी उभा राहिलो. काय बघते आहे ते विचारलं नाही. परतताना ती काहीतरी गुणगुणत होती. गुणगुणते हे मला माहीत नव्हतं. माझ्या पाठीमागे गुणगुणत असेल तर वाऱ्यात ऐकू आलं नसेल.

मग फाटा आला. डावीकडे आमचं घर, उजवीकडे मेहुणीचं. मी तिच्या मागे होतो, आणि काही झालं तरी काही बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं. डावीकडे वळ, एवढंच मनात म्हणत होतो. देवाला म्हणावं तसं.

तिने उजवा हात काढला. वळणाच्या बराच आधी, कोपर सरळ, खांद्याच्या रेषेत, क्षणभर नाही तर नीट दिसेल इतका वेळ. मग वळली आणि गेली. मागे बघितलं नाही. चालवताना बघायचंही नसतं.

मी पाय टेकून उभा राहिलो. गाडी शिकवायला बसलो की पहिल्याच दिवशी सांगतो, हात स्वतःसाठी दाखवायचा नसतो, मागून येणाऱ्यासाठी दाखवायचा असतो. मी मागे वळून रस्ता पाहिला. लांबपर्यंत रिकामा होता. माझ्या मागे कोणीच नव्हतं.